नाशिकचा कल आणि नाशिकचा कौल

नाशिकच्या राजकारणाविषयी बोलताना ‘कल’ आणि ‘कौल’ हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजतो. नाशिकचा कल अमुक पक्षाकडे आहे असे म्हणणारा मनुष्य पुढल्याच वाक्यात नाशिकने अमुक पक्षास कौल दिला असे म्हणतो, आणि आपण दोनदा एकच गोष्ट सांगितली अशी त्याची समजूत असते. प्रस्तुत लेखक मूळचा भाषाशास्त्राचा विद्यार्थी असल्याने त्यास या ठिकाणी थांबावेसे वाटते. कल म्हणजे मनाची ओढ. ती मनातल्या मनात राहू शकते. कौल हा शब्द मूळचा अरबी असून बोललेला शब्द, दिलेले वचन, असा त्याचा अर्थ आहे. मराठी अमदानीत ओसाड पडलेली जमीन लागवडीस आणण्याकरिता रयतेस सरकारातून कौल मिळे आणि तो कागदावर उतरला म्हणजे त्यास कौलनामा म्हणत. कोकणात आणि गोव्यात देवास कौल लावतात, तेव्हा पाकळी डावीकडे पडली की उजवीकडे हे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडते. सारांश, कल असू शकतो. कौल द्यावा लागतो. नाशिकचा राजकीय इतिहास सांगणाऱ्यांनी बहुधा कौल पाहून कल सांगितला आहे, आणि मधली एक पायरी गाळली आहे. बोलले कोण, बोलले नाहीत कोण, आणि ज्यांस बोलू दिलेच नाही ते कोण, ही ती पायरी होय.

नाशिक हे एक शहर आहे असे आपण सवयीने म्हणतो. द्वारकेच्या चौकात उभे राहिले म्हणजे ही सवय ढिली पडते. मुंबई-आग्रा रस्ता येथून जातो आणि पुण्याचा रस्ता येथेच फुटतो. एका अंगास भद्रकाली व जुने नाशिक; आग्र्याच्या दिशेस गोदावरी ओलांडली की पंचवटी; पुण्याच्या रस्त्याने गेले की नाशिकरोड, तेथे १९२५ साली सुरू झालेला सरकारी प्रतिभूती मुद्रणालयाचा कारखाना आणि त्याच्या जोडीचा चलनी नोटांचा छापखाना, व पलीकडे देवळालीची छावणी; मुंबईच्या बाजूस पुढे सिडकोच्या वसाहती आणि अंबड-सातपूरचे कारखाने. क्षेत्रस्थ पुरोहिताचे, छापखान्यातील कामगाराचे, लष्करी छावणीच्या आश्रयाने वाढलेल्या व्यापाऱ्याचे आणि खानदेशातून पोटासाठी आलेल्या तरुणाचे नाशिक एकच नव्हे. नाशिक व नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका १९८२ पर्यंत वेगळ्याच होत्या. त्या वर्षी महानगरपालिका झाली आणि हे सारे एका नावाखाली आले.

नाशिकविषयी एक लोकसमजूत अशी आहे की, येथील मतदार एकदा निवडलेल्या खासदारास पुन्हा निवडत नाहीत. ही समजूत निराधार नाही. १९५२ पासून २०२४ पर्यंत लोकसभेच्या अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. लागोपाठच्या दोन निवडणुकांत तोच मनुष्य निवडून आला असे केवळ दोनदा घडले: १९६७ व १९७१ मध्ये भानुदास कवडे, आणि २०१४ व २०१९ मध्ये हेमंत गोडसे. एरवी दर वेळी नवे नाव. यावरून नाशिककर चंचल आहेत, त्यांस स्थिर असा कल नाही, असा निष्कर्ष काढला जातो. दुसरे काही लोक नेमके उलट सांगतात. हे रामाचे क्षेत्र, येथे कुंभमेळा भरतो, जवळच्या भगूरला सावरकर जन्मले, १९०९ मध्ये येथेच जॅक्सनचा वध झाला. तेव्हा नाशिकचा कल काय असावयाचा हे ठरलेलेच आहे, असे ते म्हणतात. हे दोन्ही सिद्धान्त एकाच सभेत, क्वचित एकाच वक्त्याच्या तोंडून, ऐकावयास मिळतात. दोहोंची परीक्षा करावयाची तर १९५७ पासून आरंभ करणे सोयीचे.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचे गोविंद हरी देशपांडे निवडून आले. दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९५० मध्ये, पुरुषोत्तमदास टंडन यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन नाशिकातच भरले होते. त्यामुळे या निकालात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. नवल आहे ते पुढील निवडणुकीचे. १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर गेले ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजे दादासाहेब गायकवाड. मतदारसंघ राखीव नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेविली पाहिजे.

दादासाहेब दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तेव्हा त्याच्या संघटनेचा भार ज्यांनी वाहिला त्यांत ते अग्रभागी होते. तो लढा पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातील येवल्यास डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि देवळाचा प्रश्न मागे पडला. मूर्तिपूजेची ओढ म्हणून हा सत्याग्रह आरंभिलेला नव्हता, दलित समाजास आपल्या स्थितीची जाणीव व्हावी एवढ्याचकरिता तो होता, असे आंबेडकरांनी १९३४ मध्ये दादासाहेबांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले आहे. याच काळात दुसरे एक दार हळूहळू किलकिले होत होते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना आंबेडकरांनी मताधिकाराचा प्रश्न मांडला होता आणि पुढे सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाची मागणी केली होती. १९३५ च्या कायद्याने मताधिकार थोडा रुंदावला, तरी मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटी राहिल्याच. त्या मर्यादित मतदानावर १९३७ मध्ये गायकवाड मुंबई विधानसभेत गेले. नाशिकच्या नगरपालिकेचा इतिहास १८६४ पर्यंत मागे जातो. पण तिच्या कारभारात मत देण्याचा अधिकार दीर्घकाळ कर भरणाऱ्यांपुरता होता. त्या काळच्या नाशिकचा ‘कल’ म्हणून जो इतिहासात नोंदला गेला आहे, तो या मूठभरांचा. ज्यांस देवळाचे दार बंद होते त्यांतील बहुतेकांस मतपेटीचेही दार बंद होते, आणि त्यांच्या कलाची नोंद करण्याचे कारण कोणास पडले नाही.

म्हणूनच १९५७ चा निकाल अर्थपूर्ण ठरतो. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्यास काळारामाच्या पायरीवर अडविले होते, त्यास त्याच नाशिकने दिल्लीस पाठविले. येथपर्यंतची कथा अनेकांनी सांगितली आहे आणि ती खरी आहे. परंतु यावरून नाशिकचे मन सत्तावीस वर्षांत पालटले असे म्हणता येईल काय? या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समिती उभी होती, फेडरेशन तिचा घटक होते आणि मुंबईसह महाराष्ट्र न मिळाल्याचा रोष पश्चिम महाराष्ट्रभर काँग्रेसवर निघत होता. त्या वेळची मतदानाची रीत येथे उपयोगी पडते. मतपत्रिकेवर खूण करण्याची पद्धत तेव्हा रूढ व्हावयाची होती. प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी असे, तीवर त्याचे चिन्ह डकविलेले असे, आणि मतदार आपली मतपत्रिका काहीही खूण न करता इष्ट पेटीत टाकी. समितीचा उमेदवार म्हणून एखाद्या सवर्ण मतदाराने टाकलेला कागद, भूमिहीनांचा कैवारी म्हणून एखाद्या शेतमजुराने टाकलेला कागद, आणि सत्याग्रहात मार खाल्लेल्या एखाद्या म्हाताऱ्याने आपला दादासाहेब म्हणून टाकलेला कागद, हे तिन्ही एकाच पेटीत पडले असतील. मोजणाऱ्याच्या हाती ते सारखेच कोरे आले. कौल एक झाला. त्याच्या पोटात कल तीन होते. पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला, समितीचे प्रयोजन संपले, आणि १९६२ मध्ये देशपांडे पुन्हा निवडून आले. यात चंचलता कोणाची? निरनिराळ्या कारणांनी एकत्र आलेले लोक निरनिराळ्या दिशांना गेले, एवढेच फार तर म्हणता येते.

यानंतरचा प्रसंग मतदानाच्या अभ्यासकास बुचकळ्यात टाकणारा आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात, चीनच्या आक्रमणाच्या धामधुमीत, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्यानंतर लवकरच झालेल्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. नाशिककर हा प्रसंग आजही अभिमानाने सांगतात. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना झाला त्याचे श्रेयही ते चव्हाणांस देतात. मात्र मतांच्या हिशेबाने पाहिले तर या निवडणुकीत एकाही मतदाराने मत दिले नाही. टक्केवारी शून्य. असे असता हा नाशिकचा सर्वांत एकमुखी कौल समजला जातो! राष्ट्रीय संकटाच्या वेळी विरोधी पक्षांनी उमेदवार उभा न करणे उचितच होते आणि त्या औचित्याविषयी प्रस्तुत लेखकास शंका घ्यावयाची नाही. सांगावयाचे इतकेच की, मतदाराच्या मौनाचा अर्थ आपण प्रसंग पाहून लावतो. तेव्हाचे मौन संमती ठरले. पुढल्या काळातील मौन आळस ठरला.

१९७७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे विठ्ठलराव हांडे निवडून आले आणि १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे डॉ. प्रताप वाघ, या दोन्ही निवडणुका देशभरच्या लाटांच्या होत्या, त्यांत नाशिकचे म्हणून वेगळे काही शोधण्यात अर्थ नाही. क्षेत्राच्या सिद्धान्तास मात्र फेडरेशन आणि शेकाप ही दोन नावे अडचणीची आहेत, आणि हा सिद्धान्त मांडणारे त्यांचा उल्लेख सहसा करीत नाहीत.

चंचलतेच्या सिद्धान्ताविषयी थोडी मोजदाद करू. अठरा निवडणुकांत सतरा वेळा ‘तोच की दुसरा’ असा प्रश्न उपस्थित झाला. त्यांपैकी दोनदा तोच आला. उरलेल्या पंधरांत तीन वेळा मनुष्य बदलला तरी पक्ष बदलला नव्हता: १९६२ नंतर १९६७ मध्ये, १९८० नंतर १९८४ मध्ये मुरलीधर माने आले तेव्हा, आणि २००४ च्या देविदास पिंगळे यांच्यानंतर २००९ मध्ये समीर भुजबळ आले तेव्हा. या तीन वेळी पक्षाचा उमेदवारच निराळा होता. मतदाराने पक्ष राखला. नाव पक्षाने बदलले. म्हणजे चंचलतेचा काही वाटा तिकीटवाटप करणाऱ्यांच्या पदरात घातला पाहिजे.

राहिल्या बारा वेळा. त्यांतील निम्म्या १९८९ ते २००४ या पंधरा वर्षांतील आहेत. १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे डॉ. दौलतराव आहेर, १९९१ मध्ये काँग्रेसचे डॉ. वसंत पवार, १९९६ मध्ये शिवसेनेचे राजाराम गोडसे, १९९८ मध्ये काँग्रेसचे माधवराव पाटील, १९९९ मध्ये शिवसेनेचे उत्तमराव ढिकले, २००४ मध्ये राष्ट्रवादीचे पिंगळे. घड्याळाच्या लंबकासारखी ही ये-जा दिसते. पण याच काळात लोकसभा वारंवार मुदतीपूर्वी विसर्जित झाली. १९९८ ची लोकसभा तर अवघी तेरा महिने चालली. तेवढ्या अवधीत मतदाराने प्रतिनिधीची पारख करावी तरी कशी? १९९९ मध्ये काँग्रेसमधून राष्ट्रवादी फुटली आणि दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध लढले. २००४ मध्ये ते एकत्र होते. एकाही मतदाराने आपला विचार बदलला नसता तरी एवढ्याने निकाल बदलू शकला असता. कल न बदलता कौल बदलतो तो असा. आणि बाराव्या वेळी, २०२४ मध्ये, हरलेला व जिंकलेला हे दोन्ही उमेदवार शिवसेनेच्याच दोन तुकड्यांचे होते. तेव्हा येथे पक्ष बदलला म्हणावे की न म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चंचलता मुळीच नाही असे नव्हे. ती शहरात स्पष्ट दिसते. २००८ च्या पुनर्रचनेने नाशिक पूर्व, मध्य व पश्चिम असे शहराचे तीन विधानसभा मतदारसंघ झाले. २००९ मध्ये हे तिन्ही महाराष्ट्र नवनिर्माण सेनेकडे गेले. २०१२ मध्ये महानगरपालिकेच्या १२२ जागांपैकी ४० त्याच पक्षास मिळाल्या व त्याचा महापौर झाला. २०१४ मध्ये तिन्ही विधानसभा जागा भारतीय जनता पक्षाकडे गेल्या, आणि २०१७ मध्ये त्या पक्षास महानगरपालिकेत ६६ जागांचे स्पष्ट बहुमत मिळाले. नवनिर्माण सेना पाचावर आली. पाच वर्षांत चाळिसाचे पाच! मात्र २०१४ पासून २०२४ पर्यंत विधानसभेच्या या तिन्ही जागा त्याच पक्षाकडे राहिल्या, हेही त्याच शहराचे वर्तन आहे. आणि शेजारच्या देवळाली मतदारसंघाने १९९० ते २००९ या काळात बबनराव घोलप यांस लागोपाठ पाचदा निवडून दिले. नाशिककर कोणास दुसऱ्यांदा निवडत नाहीत म्हणणाऱ्यांस हे पाच वेळा दिसत नाहीत, कारण त्यांची नजर लोकसभेवर खिळलेली असते.

आता मतदानाच्या प्रमाणाकडे वळू. २००९ च्या लोकसभेस नाशिकमध्ये निम्म्याहूनही कमी मतदारांनी मत दिले आणि निकाल सुमारे २२ हजार मतांच्या फरकाने लागला. २०१४ व २०१९ मध्ये हे प्रमाण साठ टक्क्यांच्या जवळ आले, २०२४ मध्ये साठाच्या किंचित पुढे गेले. देशाची सरासरी या तिन्ही वेळी पासष्ट टक्क्यांच्या पुढे होती. २० मे २०२४ रोजी, त्याच दिवशी, जिल्ह्यातीलच दिंडोरी मतदारसंघात नाशिकपेक्षा सुमारे सहा टक्के मतदान अधिक झाले. वृत्तपत्रांनी शनिवार-रविवारला जोडून आलेल्या सुटीस बोल लावला. परंतु तो सोमवार दिंडोरीसही सोमवारच होता.

खरी फोड नाशिक मतदारसंघाच्या पोटातच आहे. त्यात शहराच्या तीन भागांबरोबर देवळाली, सिन्नर व इगतपुरी येतात. मतदारयादीत शहराचे तीन भाग मिळून निम्म्याहून अधिक भरतात. मतदानात मात्र सिन्नर आणि इगतपुरी पुढे असतात आणि शहर मागे राहते. २०२४ मध्ये सिन्नरचेच माजी आमदार राजाभाऊ वाजे दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकले, त्यात सिन्नरने दिलेल्या मताधिक्याचा वाटा फार मोठा होता. सहाच महिन्यांनी शहराच्या तिन्ही जागांवर विरुद्ध बाजूचे आमदार निवडून आले. लोकसभेच्या निकालावर ‘नाशिक’ असे नाव लिहिलेले असते आणि वाचणारा ते शहर समजतो; तो कौल पुष्कळ अंशी सिन्नरच्या शेतकऱ्याचा असतो. शहराचा कल काय होता, हे त्या दिवशी शहराने पुरतेपणी सांगितलेलेच नसते.

शहर का सांगत नाही? उदासीनता हे उत्तर सर्वांत सोपे, म्हणून ते प्रथम सुचते. त्यापूर्वी टक्केवारीच्या छेदाकडे पाहावे. १९९१ मध्ये शहराची लोकसंख्या साडेसहा लाख होती, २०११ मध्ये ती पंधरा लाखांच्या घरात गेली. दोन दशकांत दुपटीहून अधिक वाढलेल्या शहरात लोक घरे बदलतात, भाड्याची खोली सोडून स्वतःच्या सदनिकेत जातात, सातपूरचे सिडकोत आणि सिडकोतले पाथर्डी फाट्याकडे जातात. यादीतील नाव मागेच राहते. कायद्याने मतदार जेथे सामान्यतः राहतो तेथेच त्याचे नाव असावयास हवे आणि दोन ठिकाणी असता कामा नये. पण कारखान्यातील पुष्कळ कामगारांचे घर दोन ठिकाणी असते, एक पोटाचे आणि एक मनाचे. एप्रिल-मे महिन्यांत, लग्नसराईत, तो दुसऱ्या ठिकाणी असतो. त्याने तेथे मत दिले तर नाशिकची टक्केवारी घटते आणि धुळ्याची अगर जळगावची वाढते. यास उदासीनता म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. मतदार मतदानास येत नाही अशी तक्रार ज्या शहराविषयी होते, त्या शहरात महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाल्यावर तिची पहिली निवडणूक १९९२ मध्ये झाली. मधली दहा वर्षे प्रशासकांची. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुन्हा प्रशासक आले आणि पुढील मतदानास जानेवारी २०२६ उजाडावा लागला. ही दोन्ही मिळून जवळजवळ चौदा वर्षे होतात. घरासमोरचा रस्ता, नळाचे पाणी, गोदावरीत मिसळणारे सांडपाणी यांविषयी या काळात मतदाराने बोलावे अशी व्यवस्थाच नव्हती. २०१७ मध्ये त्यास बोलावले तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक लोक आले होते. मतदाराच्या गैरहजेरीची टक्केवारी दशांशापर्यंत मोजणारे आपण, निवडणुकीच्या गैरहजेरीची वर्षे मोजण्याची तसदी क्वचितच घेतो.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांस या विषयात काम करावयाचे असल्यास साधन दूर नाही. यंत्राने मतदान होऊ लागल्यापासून प्रत्येक मतदान केंद्राची मते निराळी कळतात व निकालपत्राच्या नमुना २० मध्ये ती नोंदलेली असतात. जुन्या पेट्यांच्या काळी जे कायमचे पुसले गेले त्यातील काही अंश येथे वाचता येतो. द्वारकेच्या चौकापासून आरंभ करावा. उड्डाणपुलाच्या एका बाजूस काठे गल्लीची केंद्रे, दुसऱ्या बाजूस जुन्या नाशिकची, पुण्याच्या रस्त्याने पुढे नाशिकरोडची, आणि कन्नमवार पूल ओलांडला की पंचवटीची. २००९ पासूनच्या प्रत्येक निवडणुकीत या केंद्रांवर किती नावे यादीत होती, किती लोक आले आणि त्यांनी काय सांगितले, हे केंद्रवार मांडावे. आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी जाऊन, ते अजून तेथे राहतात काय, हे आधी विचारावे.